अख्खे वर्षाला, दळलेले पंधरवड्याला

घरात साठा कशाचा आणि किती करावा हे ठरवताना आपण वस्तूंची यादी करतो. गहू एवढे, तूरडाळ एवढी, रवा, मैदा, बेसन एवढे. यादी हवीच, पण टिकण्याचा प्रश्न तिने सुटत नाही. गव्हाचा दाणा नीट कोरडा असेल तर कोठीत वर्ष सहज काढतो. त्याच गव्हाच्या रव्यात दोन-तीन महिन्यांत अळ्या दिसू लागतात, आणि कणकेला पावसाळ्यात महिनाभरातच जुनाट वास येतो. बाजरीत हा फरक सर्वांत ठळक आहे. दाणा वर्षभर गोड राहतो, पीठ मात्र आठ-दहा दिवसांत कडू होते. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या न्हावरे आणि शिरूर-दौंडच्या जिरायती गावांतल्या घरांनी साठ्याचा हिशेब एकाच कसोटीवर करावा, असे माझे म्हणणे आहे: पदार्थ किती फोडलेला आहे आणि किती कोरडा आहे. अख्खे धान्य वर्षाचे भरावे, डाळी चार-सहा महिन्यांच्या, वाळवण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढे. पीठ, रवा, मैदा आणि बेकिंगचे सामान मात्र लागेल तसे, हात राखून आणावे.

यामागे साधे कारण आहे. धान्याचे बरेचसे तेल दाण्याच्या कोंबात असते आणि वरच्या सालीमुळे त्याला हवा लागत नाही. गिरणीत कोंब भरडला की तेल सगळ्या पिठात पसरते आणि दाण्यातलीच एन्झाइमे ते तेल फोडू लागतात. खवटपणा आणि कडूपणा येतो तो यातून. बाजरीत तेल पाच टक्क्यांच्या आसपास असते, गव्हात त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून बाजरीचे पीठ आधी उतरते. मैदा कणकेपेक्षा जास्त दिवस टिकतो, पण त्यात मैद्याचे कौतुक नाही. कोंब आणि कोंडा काढून टाकलेला असतो, म्हणजे खराब होण्यासारखे होते ते आधीच गेलेले असते आणि त्याबरोबर पोषणही. आपल्या स्वयंपाकाने या अडचणीवर फार पूर्वी उपाय शोधला आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातू ही सगळी आधी भाजून मग दळलेली पिठे आहेत. भाजताना ओल जाते आणि तेल फोडणारी एन्झाइमे निकामी होतात, म्हणून भाजणी दोन-तीन महिने चांगली राहते. रवा घरी आणल्यावर कोरडाच भाजून डब्यात भरायची रीतही याच जातीची. पीठ साठवायचेच असेल तर भाजून साठवावे, कच्चे नको.

न्हावऱ्याचा भाग साठवणीला अनुकूल आहे, हे इथल्या लोकांना सांगावे लागू नये, पण त्याचा पुरता उपयोग आपण करत नाही. सह्याद्रीपासून दूर, पर्जन्यछायेत, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शेतीच्या दृष्टीने ही हलाखी आहे, साठवणीच्या दृष्टीने मात्र मोठी सोय. रब्बीची ज्वारी, गहू आणि हरभरा घरात येतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि लगेच पुढे चैत्र-वैशाखाचे कडक, कोरडे ऊन उभे असते. कोकणात हे ऊन असूनही हवेतली ओल पाठ सोडत नाही. इथे दुपारच्या हवेत ओल जवळजवळ नसतेच. न्हावऱ्याच्याच शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. जळून कोळसा झालेले जव, गहू, मसूर, कुळीथ असे दाणे सापडले. धान्याच्या कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे सापडले, जमिनीत खणलेली आणि चुन्याने लिंपलेली पेवे सापडली, आणि एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार. ही सगळी सोय अख्ख्या धान्याची दिसते, पिठाची नाही. पीठ करायला पाटे होते. साठवायचे ते अख्खे, जमिनीच्या ओलीपासून वर किंवा हवा जाणार नाही असे खाली, आणि दळायचे ते खाण्यापुरते. पत्र्याच्या कोठीला आणि गिरणीलाही हाच नियम लागू आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की दुकान आता दारात आहे, शिरूर किंवा चौफुल्याला गाडीने पोचायला वेळ लागत नाही, मग वर्षाचे धान्य अडकवून ठेवायचे कशाला? आक्षेप खोटा नाही. ज्या वस्तू दुकानात ताज्या मिळतात आणि घरात खराब होतात त्या दुकानातच राहू द्याव्यात, हेच मी पीठ-मैद्याबद्दल म्हणतो आहे. पण धान्याचे तसे नाही. सुगीत आवक वाढते तेव्हा भाव उतरलेला असतो आणि माल नवा, ओळखीच्या शेतातला, आपल्या नजरेखालचा असतो. श्रावणात तोच माल चार हातांतून फिरून, कुठल्या तरी गोदामात पावसाची ओल पिऊन येतो आणि महागही पडतो. शिवाय मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आठवडे बाजार बंद झाले, तेव्हा ज्यांच्या घरी ज्वारी, गहू आणि कडधान्य होते त्यांना भाजीची अडचण झाली, भाकरीची नाही. हे मान्य केले पाहिजे की घरच्या साठ्याने दुष्काळ हटत नाही. १९७२ ला महाराष्ट्रातल्या जिरायती गावांतल्या कणग्या रिकाम्या झाल्या आणि लोकांना रेशनच्या परदेशी लाल मिलो ज्वारीवर दिवस काढावे लागले. इनामगावची वस्तीही शेवटच्या काळात खालावली, आणि हवामान कोरडे होत गेल्याचे कारण अभ्यासक त्यासाठी देतात. साठा वर्षभराची ओढ सोसतो, त्यापुढे शासन आणि समाजच लागतात. पण वर्षभराची निश्चिंती ही लहान गोष्ट नव्हे.

किती भरावे याचा हिशेब अंदाजाने करू नये. एका भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागते. चार माणसांचे घर दिवसातून एक वेळ दोन-दोन भाकरी खाते असे धरले तर रोजचे ६०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २२० किलो ज्वारी. दुसऱ्या वेळी पोळी असेल तर गव्हाचा हिशेब याच पद्धतीने, आणि पाहुणे, सण, जत्रा यांच्यासाठी दहावा भाग वर धरावा. यापेक्षा जास्त धान्य सुरक्षिततेसाठी म्हणून भरले तर ते दुसऱ्या पावसाळ्यात जाते आणि कीड तिथेच वाढते. ज्वारी मालदांडी असेल तर उत्तम, तिची भाकरी इथल्या तोंडाला सरावाची आहे आणि दाणा भरीव असतो. तांदूळ आपल्याकडे पिकत नाही, तो मावळातून किंवा भोरकडून आणावा लागतो. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून निम्मा जुना आणि निम्मा नवा घेऊन नवा पुढच्या वर्षाकडे ढकलावा.

आता मुख्य गोष्ट, ओल. धान्य साठवताना त्यातले पाणी बारा टक्क्यांच्या आत असावे, कडधान्यात आणखी थोडे कमी. घरात मोजमापाचे यंत्र नसते, पण दात आहेत. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन तुटतो, ओला दबतो. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि त्यात चमचाभर बारीक, पूर्ण सुकवलेले मीठ घालून जोरात हलवावे आणि काही मिनिटे ठेवावे. मीठ बाटलीच्या कडेला चिकटले तर धान्य अजून बरेच ओले आहे, पुन्हा उन्हात घालावे. मीठ सुटे राहिले म्हणजे काम संपले असे नाही, कारण ही परीक्षा पंधरा टक्क्यांच्या वरची ओलच दाखवते. त्यानंतरही दोन-तीन दिवसांचे कडक ऊन द्यावेच. घाई होते ती यापुढच्या पायरीवर. उन्हातले गरम धान्य संध्याकाळी तसेच कोठीत ओतले आणि झाकण लावले, तर रात्री पत्रा थंड होतो, आतल्या उबेतली वाफ पत्र्याला आतून धरते आणि वरच्या थराला बुरशी येते. धान्य रात्रभर आडोशाला पसरून निवू द्यावे, सकाळी दव पडण्याचा प्रश्न नसेल अशा वेळी भरावे. कोठी भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर किंवा फळीवर ठेवावी. फरशीची ओल कोठीच्या बुडाला लागते, आणि खाली पोते अंथरून ती थांबत नाही.

सगळे धान्य चैत्रातच भरायचे असेही नाही. बाजरी, मटकी, मूग, हुलगा ही खरिपाची पिके, ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाच्या ओलीतून घरात येतात. कडधान्यांना भुंगा लागतो तोही तिथूनच. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्याबरोबर घरात येतो. आत शिरलेली अळी महिनाभरात भुंगा होऊन बाहेर पडते आणि शेजारच्या दाण्यांवर पुन्हा अंडी घालते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरचे ऊन चांगले तापते, त्या उन्हात कडधान्य काळ्या कापडावर पातळ पसरून चार-पाच दिवस वाळवले की बऱ्याच अळ्या दाण्यातच मरतात. त्यानंतर किलोला चमचाभर गोडेतेल किंवा एरंडेल हाताने चोळून, हवाबंद बरणीत गच्च भरावे. तेलामुळे अंडी जगत नाहीत, आणि बरणी गच्च भरलेली असेल तर आतला प्राणवायू लवकर संपून उरलेली कीड गुदमरते. जुन्या पेवात हेच घडत असे. डाळीला हा भुंगा फारसा लागत नाही, त्याला अख्ख्या दाण्याची गुळगुळीत साल हवी असते. मग डाळच वर्षाची का भरू नये? कारण साल गेलेल्या डाळीत दुसऱ्या किडी येतात आणि ती हळूहळू चव सोडते. अख्ख्यालाही मर्यादा आहेच: वर्ष उलटलेले कोणतेही अख्खे कडधान्य शिजायला हट्टी होते, दोन-दोन शिट्ट्या जास्त घेते. म्हणून कडधान्य एका हंगामाचेच ठेवावे.

कीडनाशकांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या सेल्फॉसच्या गोळ्या अनेक घरांत कोठीत टाकल्या जातात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, ओलीशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन नावाचा अतिविषारी वायू सुटतो आणि झोपायच्या खोलीत अशी कोठी असेल तर माणसे दगावू शकतात. ही गोळी गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांसाठी आहे, घरासाठी नाही. तिच्यावर कोणी कितीही विश्वास दाखवला तरी ती उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. पाऱ्याच्या टिकड्याही तशाच टाळाव्यात. पारा हा धातू विषारी आहे आणि तो धान्यातून पोटात जाण्याचा धोका फुकटचा आहे. डाळ-तांदळाला बोरिक पावडर चोळायची सवय पुष्कळ घरांत आहे. धुतल्यावर बरीचशी निघून जाते हे खरे, पण अन्नात घालण्याचा तो पदार्थच नव्हे. ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ हे समर्थन पुरत नाही, कारण पूर्वीपासून चालत आलेले तर कडुनिंब आणि राखही आहे. सावलीत खुडखुडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालावा. तो अर्धा ओला घातला तर फायद्याऐवजी ओलच आत जाते. खरे काम ऊन आणि हवाबंद झाकण करते, पाला त्याला जोड देतो.

वाळवणाबाबत मात्र या भागाला कोणी शिकवायची गरज नाही. कुरडया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, शेवया, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चकल्या हे सगळे एकाच तत्त्वावर उभे आहे, ते म्हणजे पाणी काढून टाकणे आणि त्याला मिठाची जोड देणे. फक्त दोन गोष्टींची काळजी हवी. प्लॅस्टिकच्या कागदावर घातलेले वाळवण खालून ओले राहते, म्हणून एका बाजूने सुकताच उलटवावे किंवा सुती कापडावर घालावे. आणि उन्हातून आणल्या आणल्या डबा भरू नये, कारण ते धान्यालाही नडते आणि कुरडईलाही. भाज्यांकडे आपण कमी लक्ष देतो याचे वाईट वाटते. कांदा, गवार, कैरी उन्हाळ्यात ढिगाने मिळतात आणि कांदा तर अनेकदा मातीमोल जातो. पातळ चिरून दोन-तीन उन्हांत कुरकुरीत वाळवलेला कांदा बरणीत महिनोन्महिने राहतो आणि पावसाळ्यात आमटीला तोच उपयोगी पडतो. लाल मिरची आणि धने अख्खे ठेवून मसाला दोन-दोन महिन्यांचा कुटून घ्यावा. एकदम वर्षाचा कांडून आणला तर दिवाळीनंतर त्याचा रंगही जातो आणि झणकाही.

आता बेकिंगचे सामान. दिवाळीला आणि मुलांच्या सुट्टीत पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत लोक मैदा, रवा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई आणि बिस्किटे भाजून आणतात, आणि आता घरोघर ओव्हन आणि कुकरमधले केकही आले आहेत. या सामानात वर्षाला टिकणाऱ्या वस्तू म्हणजे साखर, मीठ, कोको पावडर आणि तूप. तूप टिकते, कारण कढवताना त्यातले पाणी गेलेले असते, म्हणून ओला चमचा त्यात कधी जाऊ देऊ नये. मैदा, रवा, बेसन दोन महिन्यांचेच आणावे. आणल्याबरोबर पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तर गिरणीतून आलेली किडीची अंडी मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नये, खोलीच्या उबेला येऊ द्यावी, नाहीतर गार पिठावर हवेतली ओल बसते. खाण्याचा सोडा कोरडा राहिला तर बराच टिकतो. बेकिंग पावडर तशी नाही. तिच्यात सोड्याबरोबर आम्लाचा क्षारही असतो आणि पावसाळ्यातली ओल मिळताच दोघांची क्रिया डब्यातच उरकून जाते. दिवाळीच्या आधी अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी, जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर नवी आणावी. सोड्याची हीच परीक्षा लिंबाच्या रसात. ड्राय यीस्ट हा जिवंत जीव आहे, फोडलेले पाकीट फ्रिजमध्येच ठेवावे आणि वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात थोड्या साखरेबरोबर दहा मिनिटे ठेवून फेस येतो का पाहावे.

शेंगदाणे, तीळ, खोबरे हे वेगळे प्रकरण आहे, कारण त्यांत तेलच मुख्य. शेंगा टरफलासकट ठेवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. सोललेले दाणे महिन्या-दोन महिन्यांचेच. बुरशी दिसलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकून द्यावेत, ‘भाजले की चालते’ असे म्हणू नये. शेंगदाण्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते, ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने पुरते नाहीसे होत नाही. दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत, तिथला गूळ हंगामात घेणे शहाणपणाचे. पण ढेप उघडी ठेवली तर आषाढात तिला पाणी सुटते. तुकडे करून, कोरड्या कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात मे महिन्यातच बंद करावा.

जागेचा आणि पैशाचा आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने दोन क्विंटल ज्वारीची कोठी कुठे ठेवावी? आणि हातावर पोट असलेल्या घराने एप्रिलमध्ये वर्षाचे पैसे कुठून आणावेत? अशा घरांसाठी प्रमाण लहान करावे, तत्त्व तेच ठेवावे. पाव क्विंटल धान्य आणि चार बरण्या कडधान्य पलंगाखालीही बसते. गावी शेत किंवा नातलग असतील तर कोठी तिथे ठेवून दोन महिन्यांनी पोते आणावे. बचत गटातल्या पाच-सहा घरांनी सुगीत मिळून धान्य घेतले तर भाव कमी पडतो आणि वाळवायला एकच खळे पुरते. ज्यांना हेही जमत नाही त्यांनी निदान तयार पिठाची पाकिटे कमी करून दोन-तीन आठवड्यांचे धान्य घरात ठेवून दळून घ्यावे. खर्च वाढत नाही आणि भाकरी ताजी होते.

वर्षअखेरीचे काम शिमग्याच्या सुमाराला करावे. नवी ज्वारी घरात येण्याआधी कोठीत चार-आठ दिवसांपुरतेच जुने धान्य उरावे असा बेत ठेवावा. उरलेच तर ते वेगळ्या डब्यात काढून आधी दळावे, नव्यात मिसळू नये, कारण जुन्या दाण्यातली एक अळी नव्या पोत्याला पुरते. कोठी रिकामी झाली की आतले कोपरे आणि झाकणाची खाच ब्रशने झाडावी, गरम पाण्याने पुसावी, दोन दिवस तोंड उघडे ठेवून उन्हात तापू द्यावी, आणि पत्र्याला कुठे छिद्र असेल तर बुजवावे, गंज असेल तर घासून काढावा. झाडलेला कचरा अंगणात न टाकता जाळावा किंवा लांब पुरावा, नाहीतर तीच कीड कोठीकडे परत येते.